चारशे वाडग्यांचं बिल

"सोमवारी नक्की," दुकानदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हा अठरावा सोमवार होता. थोरलीने फोन फळीवर उलटा ठेवला, हातावरची वाळलेली माती खरवडली आणि पुन्हा चाकावर बसली. पण माती मधोमध बसेना. तिसऱ्यांदा गोळा वाकडा गेला तेव्हा तिने तो उचलून भिंतीवर मारला. तो तिथेच चिकटून राहिला.

"भिंतीचं काय चुकलं?" पलीकडून धाकटी म्हणाली.

"भिंत जवळ होती."

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे एकाच छापखान्यात कामाला. या दोघींनी नऊ वर्षांपूर्वी शहराच्या कडेला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या मागे, पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. थोरली चाकावर भांडी घडवायची. धाकटी त्यांना झिलई द्यायची, भट्टी लावायची आणि कागदपत्रं बघायची. आधी त्या प्रदर्शनांमधून एकेक कप विकत. गिऱ्हाईक यायचं, कप हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, किंमत ऐकून खाली ठेवायचं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. म्हणून घाऊक माल घेणारं दुकान मिळालं तेव्हा दोघींना हायसं वाटलं होतं.

ते दुकान मास्तरांनी मिळवून दिलं होतं. मास्तर म्हणजे थोरलीचे गुरू. विशीत असताना ती त्यांच्या कारखान्यात सहा वर्षं होती. चाकावर कसं बसायचं, कोपर कुठे टेकवायचं, ओल्या मातीचा आवाज कसा ऐकायचा, सगळं तिला त्यांनीच शिकवलं. सहा वर्षांत त्यांनी तिला दोनदा "बरंय" म्हटलं होतं, आणि ते दोन्ही दिवस तिला अजून आठवत होते. असे मास्तर एका दुपारी स्वतःहून शेडवर आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक दुकानदार आहे. तीन शाखा आहेत. तुझं काम त्याला दाखवलं मी. माणूस सज्जन आहे. थोडा वेळ लावतो, पण पैसे बुडवत नाही."

मास्तर स्वतः चालत सांगायला आले, यातच थोरलीला सगळं मिळालं. तिने पुढे काही विचारलंच नाही.

पहिली ऑर्डर चाळीस कपांची. आठवड्यात पैसे हातात. दुसरी एकशेवीस कपांची, पैसे वीस दिवस उशिरा, पण आले. तिसरी ऑर्डर चारशे वाडग्यांची. एका मोठ्या हॉटेलला जेवणाच्या टेबलांसाठी हाताने घडवलेले वाडगे हवे होते, आणि दुकानदार ते पुरवणार होता. आगाऊ काही नाही, माल पोचल्यावर तीस दिवसांत पूर्ण पैसे. धाकटीने "निम्मे तरी आधी मागूया" म्हटलं होतं. थोरली म्हणाली, "मास्तरांच्या ओळखीचा माणूस आहे. आपण पहिल्याच मोठ्या कामाला तोंड वेंगाडायचं?"

माती उधार आणली. सात आठवडे दोघी त्यातच होत्या. एका वाडग्याला सात-आठ वेळा हात लागतो: घडवायचा, अर्धवट वाळल्यावर बूड कोरायचं, पूर्ण वाळवायचा, एकदा भाजायचा, घासायचा, झिलईत बुडवायचा, बूड पुसायचं, पुन्हा भाजायचा. धाकटीने नऊ नमुने बिघडवल्यावर हॉटेलला हवा तसा राखाडी-निळा रंग जमला. साडेचारशे वाडगे घडवले तेव्हा चारशे पसंतीचे निघाले. थोरलीच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधावा लागला तो तेव्हापासूनच.

माल पोचला. तीस दिवस झाले. मग सुरू झाली टोलवाटोलवी.

आधी बिल त्यांच्या नमुन्यात नव्हतं. धाकटीने त्यांच्या नमुन्यात करून दिलं. मग साहेब परगावी होते. मग सही राहिली होती. थोरलीने दुकानात खेटे घालायला सुरुवात केली. दोन बस बदलून जायचं, मागच्या बाजूच्या काचेच्या खोलीत बसायचं, हिशेब बघणाऱ्या बाईच्या टेबलासमोर. ती बाई वाईट नव्हती. दर वेळी तेच उत्तर द्यावं लागतं म्हणून ती थोरलीच्या डोळ्यांत न बघता कीबोर्डकडे बघून बोलायची.

एकदा ती म्हणाली, "ताई, तुमचं बिल अडवलंय. अकरा वाडग्यांना टवके होते."

"अडीच महिन्यांनी कळले?"

"मला जे लिहून आलंय ते सांगतेय."

"मग अकरांचे कापा. तीनशे एकोणनव्वदचे द्या."

"तसं नाही करता येत. बिल एकच आहे ना."

थोरलीने शेडवर येऊन अकरा नवे वाडगे केले, भाजले, स्वतः नेऊन दिले. धाकटीने नवं बिल केलं. आठ दिवसांनी हिशेबाच्या बाईने सांगितलं, नवं बिल म्हणजे नवी तारीख. आजपासून तीस दिवस.

त्या दिवशी परत येताना थोरली बसमध्ये उभी होती. शेजारच्या बाईचा धक्का लागला तर ती असं काही बोलली की पुढच्या दोन सीटवरची माणसं मागे वळून बघायला लागली. घरी नवरा म्हणाला, "मोठं गिऱ्हाईक आहे, दुखवू नकोस. तोंडात साखर ठेव जरा." तिने ताट त्याच्यापुढे असं ठेवलं की आमटी सांडली. "साखरच आहे तोंडात चार महिने. दात किडले माझे."

दुखवू नकोस हे तिला सगळेच सांगत होते. मातीवाला मात्र तिला दुखवायला बिचकत नव्हता. शेडचं भाडं दोन महिने थकलं होतं. भट्टीचा एक बर्नर बंद पडला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते, त्यामुळे धाकटी अर्धीच भट्टी भरायची आणि गॅस मात्र पूर्ण जळायचा. धाकटीने चांगले कप आठवडी बाजारात घेऊन बसून मातीमोल विकले. ती बोलून दाखवत नव्हती, पण "निम्मे तरी आधी मागूया" हे तिचं वाक्य शेडमध्ये कुठेतरी उभंच असायचं, आणि थोरलीला त्याचाही राग यायचा.

अठराव्या सोमवारचं उत्तर ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी ती थेट दुकानदाराच्या खोलीत गेली.

दुकानदार पन्नाशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. तो कधी चिडत नसे. चिडण्याचं सगळं काम समोरच्यावर सोडून द्यायचा. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. चहा तिनेच घडवलेल्या कपातून आला.

"ताई, तुमचं मन मी समजतो. कलाकार माणूस तुम्ही. तुमच्यासारख्यांनी या हिशेबाच्या कटकटीत पडूच नये."

"मी कटकटीत नाही पडले. माझे पैसे पडलेत. तुमच्याकडे."

तो हसला. "हॉटेलने मला दिलेले नाहीत. मी कुठून देऊ, सांगा? पण एक चांगली बातमी आहे. हॉटेल नवा मजला उघडतंय. आणखी दोनशे वाडगे हवेत, त्याच रंगात. आणि त्यांना जुळणाऱ्या ताटल्या. सहाशे."

"ताटल्या मी करत नाही."

"माहीत आहे. पण तुमच्या ओळखीत कुणी तरी असेल. चांगला हात असलेली. मला एक नाव द्या, ओळख करून द्या. ते काम मार्गी लागलं की त्याच आठवड्यात तुमचं जुनं बिल मोकळं करतो. शब्द देतो."

थोरली चहा तसाच ठेवून उठली. पण तिच्या डोक्यात एक नाव लगेच आलं होतं, आणि ते आलं याचीच तिला शेडवर पोचेपर्यंत लाज वाटत राहिली.

ते नाव ताटलीवालीचं. ती दोन वर्षं त्यांच्या शेडवर झिलई शिकून गेली होती. आता स्वतःच्या एका खोलीत साच्यावर ताटल्या करायची. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी शाळेत. भट्टी नव्हती म्हणून भाजायला दुसऱ्यांकडे जायची. कामाला हात असा, की ताटली टेबलावर ठेवली तर कुठे डुगडुगायची नाही.

"दे ना नंबर," धाकटी म्हणाली. "तिलाही काम मिळेल. आपले पैसे सुटतील. आणि तिला आपण सांगू ना, आगाऊ घे म्हणून."

"आपण घेतले होते?"

धाकटीने भट्टीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ताई, बर्नर दुरुस्त करायचाय."

थोरलीने फोन लावला. ताटलीवालीने पहिल्याच रिंगला उचलला. मागे पाण्याचा नळ चालू होता. सहाशे ताटल्या ऐकून तिने नळ बंद केला.

"सहाशे? ताई, खरंच? पण पैशांचं कसं आहे त्यांचं?"

आणि थोरलीच्या तोंडून निघालं, "माणूस सज्जन आहे. थोडा वेळ लावतो, पण..."

ती थांबली. हे वाक्य तिचं नव्हतं. जसंच्या तसं, त्याच क्रमाने, त्याच सुरात, ते तिने याच शेडमध्ये ऐकलं होतं.

"पण काय, ताई?"

"काही नाही. थांब तू. कुणाला हो म्हणू नकोस. त्याचा फोन आला तरी नाही म्हण. मी सांगते नंतर."

तिने फोन ठेवला आणि चपला घातल्या. धाकटीने विचारलं, कुठे. "मास्तरांकडे," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मास्तरांचा कारखाना आता अर्धा बंद होता. पूर्वी तिथे पाच चाकं फिरायची, आता एकच. मास्तर खिडकीपाशी बसून चाळणीतून कोरडी माती चाळत होते. तिला बघून त्यांना आनंद झाला. "ये. बस. मनगट कसं आहे?"

"मास्तर, त्या दुकानदाराकडे तुमचे किती अडकलेत?"

चाळणी थांबली.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी विचारतेय."

मास्तरांनी चाळणीतले खडे बाजूला ओतले. मग उठले, कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातलं एक बिल तिच्यापुढे ठेवलं. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता. तारीख दोन वर्षांपूर्वीची. तीनशे फुलदाण्या.

थोरलीने तारीख दोनदा वाचली. "तुम्ही माझ्याकडे आलात त्याच्या आधीचं आहे हे."

"हो."

"म्हणजे तो देत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी मला पाठवलंत."

"त्याने सांगितलं, एखादा चांगला हात आणून द्या, तुमचं बिल मोकळं करतो."

"केलं?"

"थोडं दिलं. तू पहिला माल दिलास त्या आठवड्यात." मास्तरांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे झुकावं लागलं. "मला वाटलं, तुझं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुला तो नाही फसवणार."

"काम चांगलं आहे म्हणून? मास्तर, त्याला कामाशी काय घेणं आहे!" ती उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्यांच्यापुढे कधी आवाज चढवून बोलली नव्हती. "सात आठवडे मी मान वर केली नाही. मनगट गेलं. माझी जाऊ बाजारात बसून कप मातीमोल विकून आली. आणि तुम्ही पाणी पिऊन, माझ्या शेडमध्ये बसून, सज्जन माणूस आहे म्हणालात. एक शब्द, मास्तर. एकदा म्हणायचं होतंत, माझे अडकलेत, सांभाळून राहा."

"लाज वाटली गं."

"कसली लाज? पैसे त्याने थकवले, आणि लाज तुम्हाला?"

हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की पाच महिन्यांत तिनेही हे कुणाला सांगितलं नव्हतं. प्रदर्शनात भेटणाऱ्या कुंभारणींना नाही, ताटलीवालीला नाही, मास्तरांनासुद्धा नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "मोठ्या दुकानाला माल जातो आमचा," आणि ताठ मानेने म्हणायची. त्या दुकानदाराचं अर्धं भांडवल तर हेच होतं. ज्याला त्याला वाटायचं, आपल्यालाच व्यवहार जमला नाही.

तिने ते मऊ झालेलं बिल उचललं. "हे मी नेते."

"तू काय करणार?"

"माहीत नाही. पण तुमच्याशी मी आत्ता आणखी बोलू शकत नाही. बोलले तर तोंडातून भलतंच निघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलात गेली. दुकानदार म्हणाला होता, हॉटेलने पैसे दिले नाहीत. मग हॉटेललाच विचारू, एवढंच तिच्या मनात होतं. दारावरच्या माणसाने तिच्या मातीने माखलेल्या चपलांकडे बघून आधी तिला मागच्या दाराने जायला सांगितलं. ती मागच्या दाराने गेली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या लांब फळीवर तिचे वाडगे रचून ठेवले होते, पाच-पाचाच्या चळतीत, धुतलेले, ओले. एका मुलीने चळत उचलताना वाडगे एकमेकांवर आपटले तेव्हा थोरलीचा हात नकळत पुढे गेला. बरं भाजलं होतं धाकटीने. काही झालं नाही.

खरेदी बघणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, घाईतल्या, पण ऐकून घेणाऱ्या. थोरलीने स्वतःची ओळख सांगितल्यावर त्या जरा दचकल्या.

"वाडगे करणाऱ्या त्या तुम्ही?"

"हो. का?"

"नाही, मला वाटलं कुणी फार... म्हणजे तुमच्या अटी एवढ्या कडक, म्हणून मला वाटलं."

"कसल्या अटी?"

"पूर्ण पैसे आधी. त्याशिवाय त्या मातीला हात लावत नाहीत, असं त्यांनी सांगितलं आम्हाला. आमच्या वरिष्ठांना मी कसंबसं पटवलं. माल यायच्या दोन महिने आधी आम्ही सगळी रक्कम दिली."

थोरलीला क्षणभर कळेचना की आपण काय ऐकतोय. मग तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या नावाने त्याने पूर्ण पैसे आगाऊ उचलले होते. तिला कडक, हट्टी, पैशाला चिकटलेली बाई ठरवून. आणि ती पाच महिने काचेच्या खोलीत बसून, चहा पिऊन, "बघा ना जरा" म्हणत होती.

तिने पिशवीतून बिलं काढली. पहिलं, सुधारलेलं, अकरा वाडग्यांनंतरचं, आणि मास्तरांचं. टेबलावर ओळीने मांडली.

"मला अजून काही मिळालेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या फळीवरच्या एकाही वाडग्याचं."

मॅडमनी कागद बघितले. चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "हे बघा, वाईट वाटतं मला. पण तुमच्या आणि त्यांच्या व्यवहारात मी पडू शकत नाही. आम्ही आमचे पैसे दिलेले आहेत."

"पडू नका. पुढचे दोनशे वाडगे कधी हवेत?"

"महिनाअखेरीला. मजला उघडायची तारीख ठरलीये. शुक्रवारी त्यांना रक्कम द्यायची आहे."

"ते दोनशे मी करणार नाही. दुसऱ्या कुणाला तो रंग जमणार नाही, तो माझ्या जावेने बसवलाय आणि कुठे लिहून ठेवलेला नाही." थोरलीने टेबलावरचे कागद गोळा केले. "तुम्ही त्यांना फक्त एक विचारा. शुक्रवारी पैसे देण्याआधी म्हणा, वाडगे करणाऱ्या बाईची, जुने पैसे मिळाल्याची पावती दाखवा. एवढंच."

मॅडमनी कॅलेंडरवरची तारीख बघितली. मग त्यांनी फोन उचलला आणि तिच्यासमोरच दुकानदाराला लावला. त्या अगदी सौम्यपणे बोलल्या. आवाजही चढवला नाही. पावती, शुक्रवार, महिनाअखेर, एवढेच शब्द थोरलीला कळले.

ती बसस्टॉपवर पोचली नाही तोच दुकानदाराचा फोन आला. आणि पहिल्यांदाच तो चिडलेला होता.

"तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाकडे गेलात? माझ्या मागून? काय समजता स्वतःला?"

"कडक बाई समजते. तुम्हीच सांगितलंत ना त्यांना."

"तुमचा एकही कप या शहरात विकू देणार नाही मी. एकेका दुकानदाराला फोन करतो."

"करा. मीही करणार आहे. एकेका कुंभाराला." बसस्टॉपवरची माणसं बघत होती. तिने आवाज कमी केला नाही. "दोन बिलं आहेत. एक माझं, एक मास्तरांचं, फुलदाण्यांचं, दोन वर्षांपूर्वीचं. दोन्ही भरा. पावत्या मी स्वतः आणून देते. नाहीतर शुक्रवारी हॉटेलला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"त्या म्हाताऱ्याचा इथे काय संबंध?"

संबंध काय, हे तिला तरी कुठे नीट माहीत होतं? मास्तरांबद्दल तिच्या पोटात अजून जाळ होता. पण त्या कागदाच्या घड्या तिला दिसत होत्या. "दोन्ही," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

तिची बस अजून आली नव्हती. चौदा मिनिटांनी तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. पूर्ण रक्कम. एकही आकडा कमी नाही. मागोमाग दुसरा मेसेज, हिशेबाच्या बाईचा: मास्तरांचंही पाठवलंय, पावत्या आजच द्या.

थोरलीला वाटलं होतं, पैसे आले की रडू येईल, हलकं वाटेल, निदान बसायला मिळेल. तसं काहीच झालं नाही. ती मेसेजकडे बघत उभी राहिली आणि राग उलट वाढतच गेला. चौदा मिनिटं! म्हणजे ना साहेब परगावी होते, ना सही राहिली होती. पैसे तिथेच होते, एक बोट दाबायच्या अंतरावर. त्या पाच महिन्यांत तिने वाण्याच्या दुकानासमोरून जाणं टाळलं होतं, नवऱ्याशी धड बोलली नव्हती, धाकटीच्या नजरेला नजर दिली नव्हती. आणि तिकडे तो माणूस रोज तिच्या कपातून चहा पीत होता.

शेडवर आल्यावर तिने धाकटीला सगळं सांगितलं. धाकटीने मेसेज तीनदा वाचला, मग खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"तू का रडतेस? मिळाले ना?"

"मिळाले म्हणूनच रडतेय. तुला नाही कळायचं." नाक पुसत ती म्हणाली, "आणि मी तिला फसवायला निघाले होते. ताटलीवालीला. तू थांबलीस म्हणून."

"मी थांबले नाही. निम्मं वाक्य बोलून झालं होतं माझं." थोरली तिच्याशेजारी टेकली. "आणि आगाऊ घ्यायचं तू आधीच म्हणाली होतीस. चूक माझी होती. हे मला पाच महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं."

दोन दिवसांनी हॉटेलच्या मॅडमचा फोन आला. दुकानदार त्यांनी सोडला होता. वाडगे थेट घ्यायचे होते. अटी काय?

"निम्मे पैसे आल्याशिवाय मातीला हात लावणार नाही. उरलेले निम्मे मिळाल्याशिवाय खोकी शेडबाहेर जाणार नाहीत. आणि सगळं कागदावर, दोघांच्या सह्यांनी."

मॅडम हसल्या. "म्हणजे तो खरंच सांगत होता."

"आता खरं झालं," थोरली म्हणाली. तिला हसू आलं नाही.

वाडगे वेळेत गेले. ताटल्या ताटलीवालीने केल्या, त्याच अटींवर, आणि भाजायला याच शेडची भट्टी वापरली. पण सगळंच काही गोड झालं नाही. दुकानदाराने धमकी खरी केली. दोन दुकानांनी थोरलीचा माल घेणं बंद केलं. एकाने सरळ सांगितलं, "तुम्ही भांडखोर आहात असं ऐकलं." तिसऱ्याने आगाऊचं नाव ऐकताच "आमच्यात अशी पद्धत नाही" म्हणून फोन ठेवला. त्या हंगामात त्यांना पुन्हा प्रदर्शनात जाऊन उभं राहावं लागलं. तिथे मात्र थोरली प्रत्येक स्टॉलवर थांबत होती. माल बघायची, बूड उलटं करून बघायची, आणि मग विचारायची, "घाऊक कुणाला देता? पैसे वेळेवर येतात का?" बायका आधी "हो, येतात की" म्हणायच्या. मग ती स्वतःची पाच महिन्यांची गोष्ट सांगायची, रक्कम, तारखा, सगळं. त्यानंतर कधी कधी समोरची इकडेतिकडे बघून आवाज खाली करायची.

मास्तरांकडे ती महिनाभर गेली नाही. त्यांची पावती सुद्धा तिने धाकटीकरवी मागवून घेतली होती. शेवटी मास्तर स्वतःच आले. दारातच उभे राहिले, आत या म्हणायची वाट बघत. तिने म्हटलं नाही, म्हणून बाहेरच्या दगडावर बसले.

"पैसे आले," ते म्हणाले. "दोन वर्षांनी. तुझ्यामुळे. तुझे आभार कसे..."

"आभार नकोत मला."

"मग रागाव. पण बोल तरी."

"रागावलेलीच आहे. जाणार नाही तो इतक्यात. कदाचित जाणारच नाही." ती ओल्या हातांनीच बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. महिनाभर एक प्रश्न तिच्या मनात फिरत होता आणि त्याचं उत्तर ऐकायची तिला भीती वाटत होती. "मास्तर, खरं सांगा. त्याच्याकडे माझ्याशिवाय आणखी कुणाला पाठवलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. गॅरेजमध्ये कुणीतरी टायरची हवा सोडत होतं.

"दोघींना," ते म्हणाले. "एक सुरया करते. दुसरी दिवे."

थोरलीने हात साडीला पुसले आणि कमरेचा फोन काढला.

"नंबर सांगा," ती म्हणाली. "आणि इथेच बसा. मी लावून देते, पण बोलायचं तुम्ही."